कोलोसस : तीस वर्षे अज्ञातवासात राहिलेले गणकयंत्र

संगणकाचा इतिहास सांगणारी १९७० पूर्वीची कोणतीही पुस्तके उघडली, तर त्यांत आरंभाची कथा बहुधा एकाच रीतीने सांगितलेली आढळते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रेस्पर एकर्ट व जॉन मॉचली ह्या दोघांनी 'एनियाक' नावाचे प्रचंड यंत्र बांधले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्याचे वजन ३० टन होते. आणि तेथून विद्युत्-गणकाच्या युगास प्रारंभ झाला. ह्या कथेतील एनियाकचे वर्णन खरे आहे. तथापि ज्या दिवशी एनियाकची वार्ता वृत्तपत्रांत झळकली, त्या दिवशी इंग्लंडातील काही थोड्या माणसांनी ती वाचून मुकाट्याने वृत्तपत्र मिटून ठेवले असले पाहिजे. कारण एनियाक जगापुढे येण्याच्या दोन वर्षे आधीच त्यांनी तशाच नळ्यांचे एक यंत्र उभारले होते, ते चालविले होते, आणि त्या यंत्राविषयी अवाक्षर न काढण्याच्या शपथेने ती सर्व माणसे बांधली गेली होती. त्या यंत्राचे नाव 'कोलोसस', म्हणजे महाकाय. ह्या महाकायाच्या जन्माची, कार्याची आणि त्यास घडलेल्या दीर्घ अज्ञातवासाची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत.

ही हकिगत नीट समजण्यासाठी प्रथम एका गूढलिपीची ओळख करून घ्यावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य 'एनिग्मा' हे सांकेतिक यंत्र वापरीत होते, ही गोष्ट आता बहुतेकांस माहीत आहे. एनिग्मा रणभूमीवरील पथकांचे, विमानदलाचे व पाणबुड्यांचे यंत्र. परंतु बर्लिनमधील सर्वोच्च सेनाकार्यालय आणि निरनिराळ्या आघाड्यांवरील सेनापती यांच्यामधील दीर्घ व अतिमहत्त्वाचे संदेश त्याहून वरच्या प्रतीच्या यंत्राने पाठविले जात. हे यंत्र लोरेन्झ ह्या जर्मन कंपनीने बनविले होते. टंकलेखकाप्रमाणे संदेश टंकावा, यंत्राने तो आपोआप गूढ करून बिनतारी मार्गाने धाडावा, आणि पलीकडच्या यंत्राने तो आपोआप उलगडून छापावा, अशी त्याची सोय होती. इंग्रजांनी ह्या संदेशप्रवाहास 'टनी' असे एका माशाचे नाव दिले होते.

त्याची रीत तत्त्वतः सोपी होती. दूरमुद्रकाच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर पाच खुणांनी लिहितात. कागदी फितीवर प्रत्येक खूण म्हणजे एक तर छिद्र, नाहीतर कोरी जागा. यंत्र प्रत्येक अक्षराशी एक किल्ली-अक्षर जोडी. दोन्ही अक्षरांच्या समोरासमोरील खुणा सारख्या असल्या तर कोरी जागा, भिन्न असल्या तर छिद्र, असा जोडण्याचा नियम. ह्या नियमाची खुबी अशी की, तीच किल्ली पुन्हा जोडली असता मूळ अक्षर जसेच्या तसे परत मिळते. म्हणून धाडणाऱ्याकडे व घेणाऱ्याकडे एकसारखी चाके एकाच ठिकाणी लावलेली असली म्हणजे काम झाले. किल्ली-अक्षरे निर्माण करण्यासाठी यंत्रात १२ चाके होती व त्यांच्या परिघांवर मिळून ५०१ खुंट्या होत्या. त्यांपैकी पाच चाके प्रत्येक अक्षरागणिक एक घर पुढे सरकत. दुसरी पाच कधी एकदम सरकत, तर कधी एकदम थांबत. आणि उरलेली दोन चाके त्या दुसऱ्या पाचांचे सरकणे-थांबणे ठरवीत. किल्लीची पुनरावृत्ती व्हावयास इतका प्रचंड काळ लागे की, ती शोधून काढणे मानवी शक्तीपलीकडचे आहे असे जर्मनांनी गृहीत धरले होते.

परंतु यंत्र कितीही अभेद्य असले तरी ते चालविणारा मनुष्यच असतो. ३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नास सुमारे ४,००० अक्षरांचा एक संदेश पाठविला गेला. तो नीट पोचला नाही म्हणून पलीकडून पुन्हा मागणी आली, आणि धाडणाऱ्याने तोच संदेश चाकांच्या त्याच स्थितीत, नियम मोडून, दुसऱ्यांदा टंकला. दुसऱ्या वेळी कंटाळून म्हणा की घाईने म्हणा, त्याने काही शब्द संक्षेपाने लिहिले. त्यामुळे एकाच किल्लीने झाकलेले, जवळजवळ सारखे परंतु तंतोतंत एक नसलेले दोन मजकूर इंग्रजांच्या हाती आले. लंडनच्या वायव्येस ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात जॉन टिल्टमन ह्या अनुभवी अधिकाऱ्याने ते एकमेकांवर ठेवून दोन्ही मजकूर उलगडले, आणि तेणेकरून किल्लीचीही सुमारे ४,००० अक्षरे हाती लागली.

ही अक्षरे बिल टट नावाच्या तरुणाकडे देण्यात आली. तो केंब्रिज येथे रसायनशास्त्र शिकून मग गणिताकडे वळलेला. वय अवघे चोवीस. त्या अक्षरांच्या ओळी निरनिराळ्या रुंदीने पुन्हापुन्हा कागदावर लिहून काढताना, ४१ खुणांच्या ओळीने लिहिले असता काही रचना पुन्हापुन्हा येते, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे यंत्रात ४१ घरांचे एक चाक असले पाहिजे. ह्या एका धाग्यावरून जानेवारी १९४२ पर्यंत टट व त्याच्या सहकाऱ्यांनी बाराही चाकांची रचना निश्चित केली. त्यांपैकी कोणीही लोरेन्झचे यंत्र डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते युद्ध संपत आले तेव्हाच दृष्टीस पडले. दुसऱ्या महायुद्धातील बुद्धीच्या पराक्रमांत ह्याची गणना अग्रभागी करावी लागेल.

रचना कळली, तरी रोजच्या संदेशांसाठी चाकांची आरंभस्थिती प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागे. नोव्हेंबर १९४२ मध्ये टटने त्यासाठी संख्याशास्त्राची एक युक्ती काढली. लागोपाठच्या दोन अक्षरांतील फरक घेतला असता, दुसरी पाच चाके मधूनमधून थांबत असल्यामुळे, त्यांचा परिणाम अनेक ठिकाणी गळून पडतो. आणि पहिल्या पाचांपैकी दोन चाकांची स्थिती अचूक असेल, तर हिशेबात कोऱ्या जागांची संख्या निम्म्याहून किंचित अधिक भरते. चुकीच्या स्थितीत ती जवळजवळ निम्मीच राहते. हा बारीकसा कल हाच शोधकाचा दिवा. मात्र त्या दोन चाकांच्या ४१ गुणिले ३१, म्हणजे १,२७१ स्थिती पडताळावयाच्या, आणि प्रत्येक स्थितीत सबंध संदेश मोजावयाचा. ४,००० अक्षरांच्या एका संदेशास सुमारे ५० लाख तुलना झाल्या! सेकंदास एक तुलना करणारा मनुष्य अहोरात्र बसला, तरी त्यास दोन महिने लागतील. आणि तोवर त्या संदेशातील लढाई होऊन गेलेली असेल.

म्हणून हे काम यंत्राकडे सोपविण्याची कल्पना मॅक्स न्यूमन ह्या केंब्रिजच्या गणितज्ञाने मांडली. त्याप्रमाणे जून १९४३ मध्ये एक यंत्र तयार झाले. त्यात संदेशाची एक व किल्लीची दुसरी अशा दोन कागदी फिती चाकांवरून वेगाने फिरवीत व प्रकाशाच्या साहाय्याने त्यांची छिद्रे वाचीत. त्यास गमतीने 'हीथ रॉबिन्सन' हे नाव पडले. हे विचित्र, अगडबंब यंत्रांची चित्रे काढणाऱ्या एका व्यंगचित्रकाराचे नाव. नाव सार्थ ठरले. दोन फिती एकमेकींशी तंतोतंत जुळून धावल्या पाहिजेत, आणि कागद तर ताणला जातो, फाटतो, सैल पडतो. युक्ती खरी असल्याचे ह्या यंत्राने सिद्ध केले, परंतु त्याच्या उत्तरांवर भरवसा ठेवता येईना.

येथे ह्या कथेचा नायक रंगमंचावर येतो. टॉमी फ्लॉवर्स हे ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते. त्या काळी इंग्लंडात टेलिफोनही टपाल खात्याच्याच ताब्यात असे. २२ डिसेंबर १९०५ रोजी पूर्व लंडनच्या पॉप्लर ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला, वडील गवंडी. वुलिचच्या तोफखान्याच्या कारखान्यात उमेदवारी करीत त्यांनी रात्रीच्या वर्गांत शिकून लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढे डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधनकेंद्रात त्यांनी टेलिफोनची जोडणी निर्वात नळ्यांनी करण्याचे प्रयोग केले. ब्लेचली पार्कमधील मंडळी मोठ्या विद्यापीठांतून आलेली, गणित व भाषा यांत पारंगत; त्यांच्यात हा गवंड्याचा मुलगा, हाताने तारा जोडणारा. ॲलन ट्युरिंग यांनी एका दुसऱ्या कामाच्या निमित्ताने फ्लॉवर्स यांचे गुण हेरले होते, व न्यूमन यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. कोलोसस ट्युरिंग यांनी बांधले, असा एक समज आज पसरलेला आहे. तो खरा नाही.

फ्लॉवर्स यांनी रॉबिन्सनमधील दोष पाहिला आणि दुरुस्ती न सुचविता मुळावरच घाव घातला. किल्लीची फीतच काढून टाका, असे त्यांचे म्हणणे. चाकांच्या खुंट्यांची रचना निर्वात नळ्यांच्या मंडलांतच साठवावी, म्हणजे किल्ली यंत्राच्या पोटात विजेने निर्माण होईल. मग फिरवावयास संदेशाची एकच फीत उरेल, आणि जुळणीचा प्रश्नच राहणार नाही. मात्र त्यासाठी दीड हजाराहून अधिक नळ्या लागणार होत्या.

ही संख्या ऐकून ब्लेचलीतील बहुतेक मंडळी दचकली. निर्वात नळी म्हणजे काय, हे ज्या वाचकांनी जुना रेडिओ उघडून पाहिला असेल त्यांस सांगावयास नको. काचेची ती नळी, जिला सामान्य बोलण्यात 'व्हॉल्व्ह' म्हणत, आत तापलेल्या तारेमुळे मंद प्रकाशते. तारेतून निघणारे विद्युत्कण पलीकडच्या पत्र्याकडे धाव घेतात, आणि मधल्या जाळीवर विजेचा किंचितसा दाब कमीअधिक केला की तो प्रवाह थांबतो वा वाहू लागतो. हालणारा एकही भाग नसल्यामुळे ही कळ यांत्रिक कळीच्या हजारपट वेगाने उघडझाप करते. परंतु त्या काळचा अनुभव असा की, दहा-वीस नळ्यांच्या उपकरणातही एखादी केव्हा जळेल याचा नेम नसे. तेव्हा दीड हजारांचे यंत्र सुरू होताक्षणीच कोठेतरी बंद पडणार, हा तर्क वरवर बिनतोड होता.

फ्लॉवर्स यांस मात्र टेलिफोनच्या कामात वेगळा अनुभव आलेला होता. हजारो नळ्यांची उपकरणे त्यांनी युद्धापूर्वीच चालविली होती आणि नळ्या बहुधा चालू-बंद करताना, तार तापताना व निवताना, जातात, हे त्यांनी ताडले होते. एकदा पेटविलेली नळी विझवू नये, तिच्यावर भार बेताचा ठेवावा, म्हणजे ती वर्षानुवर्षे चालते. देवघरातील नंदादीप तेवत ठेवावा, त्याप्रमाणे हे यंत्र सदैव तेवते ठेवावयाचे, एवढाच काय तो त्यांचा मंत्र होता. ब्लेचलीच्या अधिकाऱ्यांनी आपला मुख्य भरवसा रॉबिन्सन यंत्रांवरच ठेवला. तेव्हा फ्लॉवर्स डॉलिस हिल येथे परतले, वरिष्ठ गॉर्डन रॅडली यांचा पाठिंबा मिळविला, आणि सिडनी ब्रॉडहर्स्ट, विल्यम चँडलर आदी सहकाऱ्यांसह कामास लागले. काही साहित्य त्यांनी पदरच्या पैशाने घेतले. रात्रीचा दिवस करून सुमारे अकरा महिन्यांत, डिसेंबर १९४३ मध्ये, यंत्र उभे राहिले. जानेवारी १९४४ मध्ये ते उलगडून ब्लेचली येथे नेले, आणि ५ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याने पहिल्या खऱ्या संदेशावर काम केले.

सुमारे १,६०० नळ्यांचे ते यंत्र एक सबंध खोली व्यापीत असे. एका टोकास ॲल्युमिनियमच्या चाकांवर संदेशाची फीत माळेसारखी गुंफलेली. ती सेकंदास ५,००० अक्षरे ह्या वेगाने प्रकाशाच्या किरणापुढून धावे. चाचणीत हा वेग ९,७०० पर्यंत चढविला तेव्हा फितीच्या चिंधड्या उडाल्या. म्हणून ५,००० ही सुरक्षित मर्यादा ठरली. फितीच्या मध्यभागी ओढण्यासाठी जी बारीक छिद्रे असतात, त्यांच्यापासूनच यंत्र आपला ताल घेई. त्यामुळे फीत किंचित हळू वा जलद धावली तरी यंत्राचा ठेका तिच्याशी जुळलेला राही. रॉबिन्सनला छळणारी अडचण अशा रीतीने सहज सुटली. मोजणी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की विजेवर चालणारा टंकलेखक ती संख्या व चाकांची स्थिती छापून देई. वर सांगितलेल्या ४,००० अक्षरांच्या संदेशाच्या १,२७१ पडताळण्या ह्या वेगाने केल्यास सुमारे सतरा मिनिटे होतात. दोन महिन्यांचे काम सतरा मिनिटांत! आणि नळ्या जळून यंत्र बंद पडेल, ही भीती निराधार ठरली.

ज्यांनी शंका घेतली होती तेच आता आणखी यंत्रे मागू लागले. मार्च १९४४ मध्ये फ्लॉवर्स यांस सांगण्यात आले की, सुधारलेले दुसरे यंत्र १ जूनपर्यंत चालू झालेच पाहिजे. कारण सांगितले गेले नाही. ह्या दुसऱ्या यंत्रात २,४०० नळ्या होत्या, व ते पाच पडताळण्या एकाच वेळी करी, म्हणजे सेकंदास २५,००० अक्षरांचे काम होई. ३१ मेच्या रात्रीपर्यंत त्यातील एक दोष हटत नव्हता. थकलेली मंडळी घरी गेली, चँडलर मात्र मागे राहून रात्रभर खपले, आणि १ जूनच्या सकाळी यंत्र चालू झाले. ६ जून रोजी दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्या तारखेचा अर्थ सर्वांस कळला. मुख्य हल्ला कॅले येथेच होणार ह्या समजात जर्मन सेनाकार्यालय गुंतलेले आहे की नाही, हे टनीच्या संदेशांतून दोस्तांस पाहता येत होते. १ ऑगस्ट १९४४ पासून जर्मनांनी चाकांवरील खुंट्यांची रचना रोज बदलण्यास सुरुवात केली. त्यापुढे ती रचनाच रोज शोधून काढण्याचे अवघड काम कोलोससवर होऊ लागले.

युद्ध संपले तेव्हा अशी दहा यंत्रे चालू होती, व अकराव्याचे काम चालले होते. ती चालविणाऱ्या बहुतेक नौदलाच्या महिला पथकातील तरुण मुली होत्या. न्यूमन यांच्या विभागात त्यांची संख्या अडीचशेहून अधिक होती. पाळ्यापाळ्यांनी अहोरात्र त्या फिती चढवीत, कळी लावीत, आकडे टिपून घेत. आपण काय उलगडीत आहोत हे त्यांपैकी बहुतेकींस ठाऊक नसे. एकंदर ६ कोटी ३० लाख अक्षरांचे जर्मन संदेश ह्या विभागाच्या व त्याच्या जोडविभागाच्या श्रमाने उलगडले गेले. युद्ध त्यामुळे किती महिन्यांनी आटोपले, हे नेमके सांगणे अशक्य आहे. तसा सर्व यशाचा वाटा एका यंत्राच्या पदरात टाकणे हा इतिहासाशी अन्यायही होईल. तरी सहस्रावधी प्राण त्यामुळे वाचले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता ह्या कथेचा उत्तरार्ध. विजयानंतर ह्या यंत्रांचा सत्कार होणे दूरच राहिले. दहांपैकी आठ यंत्रे मोडून टाकण्यात आली. उरलेली दोन सरकारच्या गुप्तलिपी-खात्याने नेली, आणि १९६० च्या आसपास तीही नाहीशी झाली. फ्लॉवर्स यांस आज्ञा झाली की, यंत्राचे सर्व नकाशे व कागदपत्रे नष्ट करावीत. त्यांनी ती डॉलिस हिल येथील भट्टीत टाकली व जळताना पाहिली. पुढे वार्धक्यात, ही आज्ञा म्हणजे भयंकर चूक होती असे ते बोलून दाखवीत. युद्धकार्याबद्दल त्यांस १,००० पौंडांचे पारितोषिक मिळाले. पदरचा खर्च त्यातून भरून निघाला नाही, आणि त्यातलेही पुष्कळसे त्यांनी सहकाऱ्यांत वाटले. युद्धानंतर असेच गणकयंत्र बांधावे ह्या हेतूने त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले असता, असे यंत्र चालणे शक्य नाही ह्या समजुतीने ते नाकारण्यात आले, अशी हकिगत सांगतात. असे यंत्र आपण बांधून चालविले आहे, हे सांगण्याची त्यांस मुभा नव्हती. घरच्या माणसांसही, युद्धात काहीतरी गुप्त व महत्त्वाचे काम केले, यापलीकडे त्यांनी कळू दिले नाही.

इकडे अमेरिकेत याच्या अगदी उलट घडले. एनियाकची वार्ता जगभर पसरली. त्याच्या पुढील यंत्राचा आराखडा जून १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी लिहून काढला व तो हातोहात पोचला. त्या विचारांवर प्रिन्स्टन येथे यंत्र उभे राहिले, आणि त्या यंत्राच्या धर्तीवर देशोदेशी दुसरी यंत्रे झाली. ही परंपरा थेट मुंबईपर्यंत आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले, सुमारे २,७०० नळ्यांचे, १९६० साली कार्यान्वित झालेले व १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नामकरण केलेले यंत्र ह्याच प्रिन्स्टनच्या घराण्यातील. ज्या सुमारास अखेरचे कोलोसस इंग्लंडात मोडले जात होते, त्याच सुमारास त्याचे हे दूरचे चुलत-भावंड आपल्या किनाऱ्यावर काम करू लागले होते. परंतु त्याच्या जन्मदात्यांस कोलोससचे नावही ऐकून ठाऊक असण्याचा संभव नव्हता. विद्या मोकळी राहिली म्हणजे ती कोठवर पोचते, आणि कोंडली म्हणजे काय होते, ह्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कोलोससचा वंश अगदीच खुंटला, असे मात्र म्हणता येत नाही. न्यूमन युद्धानंतर मँचेस्टर विद्यापीठात गेले व तेथे गणकयंत्राची प्रयोगशाळा स्थापन करण्यास त्यांनी हातभार लावला. तेथेच फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांचे, स्वतःच्या स्मृतीत आज्ञा साठविणारे पहिले यंत्र २१ जून १९४८ रोजी चालले. विजेच्या वेगाने गणित करता येते, ही खात्री न्यूमन यांनी ब्लेचलीतून मनात नेली होती. ती खात्री कोठून आली हे ते सांगू शकत नव्हते, इतकेच. चँडलर व ॲलन कूम्ब्ज यांनीही पुढे डॉलिस हिल येथे 'मोझेइक' हे मोठे गणकयंत्र बांधले. पाया जमिनीखाली गाडलेला असला तरी भिंतीचा भार तो वाहतच असतो, त्यातलाच हा प्रकार.

मौनाची कोंडी १९७० नंतर हळूहळू फुटली. १९७४ मध्ये एनिग्माच्या रहस्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारने कोलोससची काही छायाचित्रे खुली केली. आणि जून १९७६ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथे गणकयंत्रांच्या इतिहासावर भरलेल्या परिषदेत ब्रायन रँडल ह्या प्राध्यापकांनी कोलोससविषयी जमविलेली माहिती वाचून दाखविली. श्रोत्यांत एनियाकचे मॉचली हेही होते. पहिलेपणाविषयी आपली समजूत चुकीची होती, हे त्या दालनातील पुष्कळांस त्या दिवशी प्रथम कळले. तीनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अमेरिकेच्या एका न्यायालयाने एनियाकचे एकाधिकारपत्र रद्द ठरविताना आयोवा येथील जॉन अटानासॉफ यांच्या त्याहून आधीच्या कामास मान्यता दिली होती. त्या प्रदीर्घ खटल्यात साक्षीपुराव्यांचे ढीग पडले; परंतु कोलोससचे नाव त्यात येणेच शक्य नव्हते. कागद जळले म्हणजे न्यायासनही आंधळे होते.

मग पहिले यंत्र कोणते? आमच्या मते हा प्रश्न नीट विचारला पाहिजे. अटानासॉफ यांचे यंत्र त्याहून पूर्वीचे, सुमारे ३०० नळ्यांचे, परंतु ते नित्य वापरात कधी आले नाही. जर्मनीत कोनराड त्सुझे यांचे १९४१ चे यंत्र आज्ञांप्रमाणे गणित करी, पण ते नळ्यांचे नसून टेलिफोनच्या चुंबकीय कळींचे होते. एनियाक कोणतेही गणित करू शके. कोलोसस मुख्यतः एकाच कामासाठी घडविलेले, व त्याच्या आज्ञा तारा व कळी हातांनी लावून द्याव्या लागत. तेव्हा कोलोसस हा आजच्या अर्थाने पूर्ण संगणक नव्हे. परंतु हजारांवर निर्वात नळ्या एकत्र बांधून, त्यांच्याकडून आज्ञांनुसार, अहोरात्र, भरवशाचे काम करून घेता येते, हे प्रत्यक्ष व्यवहारात प्रथम कोलोससने दाखविले. ह्या मर्यादेत त्याचे अग्रस्थान निःसंशय आहे. त्याहून अधिक मागण्याची त्यास गरजही नाही.

१९९३ मध्ये टोनी सेल ह्या अभियंत्याने कोलोससचा जीर्णोद्धार हाती घेतला. हाताशी सामग्री काय, तर आठ छायाचित्रे, हयात असलेल्या अभियंत्यांच्या आठवणी, आणि काहींनी आज्ञा मोडून जवळ ठेवलेले मंडलांचे तुकड्यातुकड्यांचे नकाशे. आज्ञाभंग हा गुण नव्हे. पण त्या चार कागदांवाचून हे यंत्र पुन्हा उभे राहिले नसते, हेही खरे. ६ जून १९९६ रोजी, म्हणजे नॉर्मंडीच्या त्याच तिथीस, नवे कोलोसस प्रथम चालविण्यात आले, तेव्हा नव्वदीतले फ्लॉवर्स तेथे हजर होते. २००७ मध्ये दुसऱ्या यंत्राची संपूर्ण प्रतिकृती सिद्ध झाली. ती ब्लेचली येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात, पूर्वी नवव्या क्रमांकाचे कोलोसस जेथे उभे असे त्याच जागी, ठेवलेली आहे. १९४५ मध्ये लिहिलेला, सुमारे ५०० पृष्ठांचा टनीचा सविस्तर अहवाल मात्र २००० साली खुला झाला. फ्लॉवर्स तो काळ पाहण्यास उरले नव्हते. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. टट कॅनडात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले व २००२ साली वारले.

युद्ध चालू असताना गुप्तता पाळणे हे कर्तव्यच होते, आणि ते हजारो साध्या माणसांनी ज्या निष्ठेने पाळले त्यास तोड नाही. परंतु शत्रू पराभूत झाल्यावरही यंत्रे मोडणे, कागद जाळणे आणि करणाऱ्यांची तोंडे तीस वर्षे बांधून ठेवणे, हे त्याच कोटीतले मानता येणार नाही. तशीच सांकेतिक यंत्रे युद्धानंतरही इतर राष्ट्रे वापरीत होती, म्हणून हे रहस्य जपले गेले, अशी अटकळ अभ्यासक करतात. तसे असेल तर राज्यकर्त्यांचा त्यात काही लाभ झाला असेल. त्याची किंमत मात्र फ्लॉवर्स यांच्यासारख्यांनी आपल्या आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांनी भरली, आणि एका राष्ट्राने आपल्या हाती आलेली आघाडी स्वतःच गमावली.

ह्या सर्व काळात फ्लॉवर्स यांनी शपथ मोडली नाही. १९९३ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी हेंडन येथील महाविद्यालयात घरगुती संगणक वापरण्याचा प्राथमिक वर्ग पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र मिळविले. अर्धशतकापूर्वी नळ्या तेवत्या ठेवून ह्या विद्येचा पहिला दिवा ज्यांनी लावला, ते वृद्ध गृहस्थ पुन्हा बाकावर बसून ती पहिल्या धड्यापासून शिकले. त्यांच्या विद्येची आणि विनयाची ही नोंद आपल्या वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखप्रपंच.